मूल जेवत नाही, की घरच थकलं आहे?

शाळेत पालकसभा भरली की पहिली-दुसरीच्या पालकांकडून एक तक्रार ठरलेली असते, आणि ती अभ्यासाची नसते. "ये कुछ खाताच नहीं!" जळगावच्या तांबापुऱ्यातली अम्मी असो की धुळ्याच्या वडजाई रोडवरची, वाक्य तेच. बहुतेक वेळा धाकटं भावंड कडेवर असतं आणि त्याच्या हातात पाच रुपयांचा पुडा असतो. आम्ही विचारतो, सकाळी काय खाल्लं? "चाय-टोस्ट." दुपारी? "डांट के दो निवाले खिलाए." रात्री? "मोबाइल लगा के दिया तो खाया."

आधी आम्हीही लगेच उपदेश करायचो. डब्यात भाजी-पोळी द्या, बिस्किटं बंद करा, मोबाइल हातात देऊ नका. अम्मी मान डोलवायच्या आणि पुढच्या सभेत पुन्हा तेच रडगाणं. मग आम्ही प्रश्न बदलला. मुलाला काय देता, हे नंतर. आधी तुमचा दिवस कसा जातो ते सांगा, असं विचारायला लागलो. तेव्हा खरी गोष्ट बाहेर यायला लागली.

एकीच्या घरी यंत्रमागाची बारा तासांची पाळी. नवरा रात्रभर कारखान्यात आणि दिवसा त्याच एका खोलीत झोपलेला. मूल रडलं की आधी त्याला गप्प करायचं, भुकेचं नंतर बघू. दुसरीच्या मोहल्ल्यात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं, येतं तेही रात्री-अपरात्री, आणि भरायला तीच उठणार. तिसरी डाळ मिलमध्ये जाते, मूल सासूकडे असतं. चौथी घरी मशीनवर शिलाई करते आणि दर हप्त्याला फायनान्सवाला दारात उभा राहतो. पाचवीने फक्त एवढंच सांगितलं की मला स्वतःला खायची शुद्ध राहत नाही.

या सगळ्या अम्मींना पोषण म्हणजे काय ते कळत नाही, असं समजणं चूक आहे. अंगणवाडीच्या भिंतीवरचा तक्ता त्यांनीही वाचलेला आहे. आई-बापाचं टेन्शन मुलाच्या ताटात उतरतं, आणि ते कमी केल्याशिवाय नुसत्या सल्ल्याने मुलं जेवायला लागणार नाहीत, एवढंच आम्हाला इथे मांडायचं आहे.

केळीच्या जिल्ह्यात कमी वजनाची मुलं

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्यानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे आणि सुमारे ३६ टक्के मुलांचं वजन कमी आहे. उंचीच्या मानाने फार हडकुळी असलेली मुलं देशात १९ टक्के, तर आपल्या राज्यात जवळजवळ २६ टक्के आहेत. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६९ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी आहे. सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांपैकी वयाला पुरेसा आणि वेगवेगळ्या प्रकारचा आहार मिळणारी बाळं देशभरात जेमतेम ११ टक्के. आणि त्याच देशात लठ्ठपणाकडे झुकलेल्या मुलांचं प्रमाण पाच वर्षांत २.१ वरून ३.४ टक्क्यांवर गेलं.

खान्देशात कुपोषण म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर नंदुरबार येतं. नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. तिथले अक्कलकुवा-धडगावचे आणि इकडे शिरपूर-साक्रीचे आदिवासी पाडे, यांची बातमी होते, अधिकारी येतात, मंत्री येतात. ते व्हायलाच हवं. पण शहरातल्या दाट वस्तीत पत्र्याच्या खोलीत वाढणारं मूल सहसा कुणाच्या यादीत येत नाही. आपल्या बहुतेक मोहल्ल्यांची हीच गत आहे.

गरिबी हे कारण आहेच, ते कुणी नाकारू नये. पण सगळं गरिबीवर ढकलूनही चालत नाही. जळगावची केळी देशभर जातात, २०१६ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. एका पुड्याच्या पैशात आपल्याकडे केळं मिळू शकतं. तरी लेकराच्या हातात पुडाच का? कारण केळं सोलून, मुलाला समोर बसवून, त्याच्याशी बोलत भरवावं लागतं. पुडा नुसता हातात दिला की दहा मिनिटं घर शांत होतं. थकलेल्या बाईला त्या क्षणी ती दहा मिनिटं हवी असतात. ज्या घरात दूध, अंडी, गोश्त सगळं आहे, तिथेही हेच घडताना आम्ही पाहिलं आहे.

टेन्शन घासात कसं उतरतं

सुरुवात दुधापासून होते. आई घाबरलेली, थकलेली, दुखण्यात असेल तर दूध तयार असूनही ते उतरायला वेळ लागतो. बाळ चिडतं, स्तन सोडून रडतं. घरात कुणीतरी म्हणतं, हिला दूधच नाही. आई अजून घाबरते. संध्याकाळपर्यंत बाटली आणि डबा घरात आलेला असतो. बाळ बाटली घेऊ लागलं की अंगावर कमी ओढतं, आणि कमी ओढलं की दूध खरोखरच कमी होतं. या सगळ्यात आईची चूक कुठे होती? तिला त्या दिवशी झोप, गरम जेवण आणि "सब ठीक होगा" म्हणणारं एक माणूस हवं होतं.

मूल वर्षाचं झालं की दुसरी भीती सुरू होते. बाळाचं वजन साधारण पाच महिन्यांत जन्माच्या दुप्पट आणि वर्षभरात तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात मात्र ते दोन-अडीच किलोच वाढतं. वाढ मंदावते म्हणून भूकही कमी होते. हा कुदरतचा हिशोब आहे. पण हे कुणी आईला सांगितलेलं नसतं. तिला वाटतं, कालपर्यंत खाणारं मूल आज खात नाही, नजर लागली. शेजारीण म्हणते, तुमचा मुन्ना किती वाळला! सासू म्हणते, आमच्या वेळी मुलं अशी नव्हती. मग सुरू होते ती जबरदस्ती. नाक दाबून, हात धरून, झाडूचा धाक दाखवून घास आत जातो.

टेन्शनमधली माणसं मुलांना प्रामुख्याने दोन पद्धतींनी भरवतात. एक, कोंबून. दोन, गप्प करण्यासाठी, म्हणजे रडलं की पुडा, हट्ट केला की चॉकलेट, ताटावर बसलं की मोबाइल. पहिल्यात मुलाची "बस्स" ही खूण मोडली जाते, दुसऱ्यात भुकेची खूण. एकाच घरात दुपारी पहिली आणि रात्री दुसरी पद्धत चालते, त्यामुळे मुलाला आपल्या पोटाची भाषाच कळेनाशी होते.

हा फक्त आमचा अंदाज नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या जेरिका बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या वंशांच्या, देशांतून आलेल्या १५० कुटुंबांचा अभ्यास केला. पालकांना दिवसभरात मोबाइलवरून त्यांच्या मनःस्थितीबद्दल विचारलं जायचं. ज्या दिवशी पालकांवर ताण जास्त होता, त्या दिवशी रात्रीच्या जेवणात मुलांवर "खा, खा" म्हणून दबाव जास्त पडला, बाहेरचं खाणं जास्त आलं आणि घरी शिजवलेलं कमी वाढलं गेलं. २०१७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेच पालक, तेच मूल; फरक फक्त त्या दिवसाचा.

आणि दबावाने फायदा होतो का? २००६ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या संशोधकांनी एका बालवाडीत सोपा प्रयोग केला. मुलांना दोन प्रकारचे सूप काही आठवडे दिले. एका सूपच्या वेळी वारंवार संपवायला सांगितलं, दुसऱ्याच्या वेळी काहीच बोलले नाहीत. मुलांनी न बोललेलं सूप जास्त प्यायलं आणि दबाव असलेल्या सूपबद्दल नापसंती जास्त बोलून दाखवली. घरोघरी भेंडी आणि दुधी भोपळ्याचं नेमकं हेच होतं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ही गाडी दोन्ही बाजूंनी चालते. मूल मुळातच कमी खाणारं, किरकिरं किंवा सारखं आजारी असेल तर आईचं टेन्शन वाढतं, आणि टेन्शन वाढलं की दबाव वाढतो. म्हणून "आईमुळे झालं" असा निकाल देणाऱ्यांनी जरा थांबावं.

म्हापसा आणि रावळपिंडी

आपल्याला जवळचा एक अभ्यास गोव्यातला आहे. म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या २७० गरोदर बायकांना डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासात घेतलं आणि बाळंतपणानंतरही त्यांची विचारपूस चालू ठेवली. बाळ दीड-दोन महिन्यांचं असताना तपासलेल्या बायकांपैकी २३ टक्के, म्हणजे चारपैकी जवळजवळ एक, नैराश्यात होती. कारणं काय होती? पैशांची चणचण, नवऱ्याशी बिघडलेलं नातं, आणि मुलगी झाली म्हणून मिळालेले टोमणे. मग त्यांनी सहा महिन्यांच्या बाळांची वजनं घेतली. नैराश्यात असलेल्या आयांची बाळं वजनाने आणि लांबीने मागे होती. हे निष्कर्ष २००२ आणि २००३ मध्ये छापून आले. वीस वर्षांहून जास्त काळ झाला, पण आपल्याकडे बाळंतिणीला "मन कसं आहे" असं विचारायची पद्धत अजून पडलेली नाही. "जच्चा"चे चाळीस दिवस गोंद-हरीऱ्यात जातात, पण मुलगी झाली असेल तर त्याच वाटीबरोबर टोमणाही वाढला जातो.

असाच अभ्यास पाकिस्तानात रावळपिंडीच्या खेड्यांत डॉ. आतिफ रहमान यांनी केला. तिथेही नैराश्यात असलेल्या मातांची बाळं जास्त प्रमाणात कमी वजनाची आणि खुजी निघाली. पुढे त्यांनी गावातल्याच आरोग्यसेविकांना शिकवलं की घरी जाऊन अशा आईशी कसं बोलायचं, घरच्यांना कसं सोबत घ्यायचं. सहा महिन्यांनंतर ज्यांच्या घरी अशा सेविका गेल्या त्यांच्यात नैराश्य २३ टक्के उरलं, इतरांमध्ये ५३ टक्के. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. बाळांचे जुलाब कमी झाले, लसीकरण वाढलं, आई-बाप मुलांशी जास्त खेळू लागले. पण बाळांच्या वजन-उंचीत म्हणावा तसा फरक पडला नाही.

हा शेवटचा भाग आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. नुसतं मन हलकं केल्याने पोट भरत नाही, आणि नुसतं पाकीट दिल्याने ते मुलाच्या पोटात जात नाही. दोन्ही सोबत लागतं.

मदिन्यातलं रडणारं मूल

हे आपल्या इतिहासाला नवीन नाही. हजरत उमर (रजि.) यांच्या काळातली एक रिवायत अनेकांनी बयानात ऐकली असेल. एक काफिला मदिन्याबाहेर उतरला होता आणि रात्री खलिफा स्वतः पहाऱ्यावर होते. एक मूल रडताना ऐकू आलं. ते आईकडे गेले, मुलाची काळजी घ्यायला सांगून परतले. मूल पुन्हा रडलं, पुन्हा गेले. पहाटेच्या सुमारास तिसऱ्यांदा विचारल्यावर, समोर कोण आहे हे माहीत नसलेली ती बाई वैतागून म्हणाली की मी याचं दूध तोडते आहे आणि तो ऐकत नाही. एवढी घाई कशाला, असं विचारल्यावर तिने कारण सांगितलं. उमर भत्ता देतात तो फक्त दूध सुटलेल्या मुलांना. मूल तर अजून काही महिन्यांचंच होतं.

त्या दिवशी फज्रच्या नमाजमध्ये हजरत उमर (रजि.) इतके रडत होते की लोकांना त्यांची किरात नीट ऐकू येईना. नमाजनंतर त्यांनी जाहीर करायला लावलं की मुलांचं दूध तोडण्याची घाई करू नका, आता जन्मापासूनच प्रत्येक मुलाला भत्ता मिळेल.

या घटनेतून आपण बहुतेक वेळा राज्यकर्त्याची दयाळूपणा शिकतो. शिक्षक म्हणून आम्हाला त्यात अजून एक गोष्ट दिसते. त्यांनी त्या बाईला बाळाच्या दुधावर व्याख्यान दिलं नाही. तिच्यावर ताण कशाचा आहे ते विचारलं, तो आपल्याच नियमाचा निघाला, आणि त्यांनी नियम बदलला.

आजचे नियम कुणाचं टेन्शन वाढवतात?

हाच प्रश्न आज विचारून पाहा. अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, पन्नास वर्षे झाली. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी आणि गरोदर-स्तनदा मातांसाठी घरी न्यायचा आहार मिळतो. १ जुलै २०२५ पासून तो घेताना चेहऱ्याची पडताळणी सक्तीची झाली. आधी आधारची केवायसी, त्यासाठी मोबाइलवर ओटीपी, मग फोटो. घरात मोबाइल एकच असतो आणि तो नवऱ्यासोबत पाळीवर गेलेला असतो. कुणाचा नंबर बदललेला, कुणाच्या आधारवर नाव माहेरचं. गैरव्यवहार थांबावा हे बरोबर आहे. पण ज्या आईला एक पाकीट घ्यायला दोन-तीन खेपा माराव्या लागतात, तिच्या दिवसातून ते तास कुठून निघतात? मुलाला भरवण्याच्या वेळेतूनच. सेविकांच्या संघटनांनीही या पद्धतीला विरोध केला आहे, कारण नेटवर्क नसलं की शिव्या त्यांनाच खाव्या लागतात.

दर मुलामागे रोजचा खर्च २०१७ मध्ये ८ रुपये ठरला. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तो वाढवण्याची घोषणा झाली. आठ रुपयांत काय येतं, हे बाजारात जाणाऱ्या कुणालाही विचारा.

राज्याने चांगलं काम केलेलंही आहे. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं. दोन वर्षांखालच्या खुज्या मुलांचं प्रमाण २००५-०६ मधल्या ३९ टक्क्यांवरून २०१२ च्या पाहणीत सुमारे २४ टक्क्यांवर आलं. म्हणजे ठरवलं तर होतं. २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आली. आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत दिवसातून एकदा पूर्ण गरम जेवण, आणि पुढे मुलांना अंडी-केळी. आम्हाला या योजनेचं मोल अन्नापेक्षाही वेगळ्या कारणासाठी वाटतं. आई स्वतः बसून जेवते, चार बायकांशी बोलते, कुणीतरी तिला वाढतं. धुळे-जळगावच्या शहरी वस्त्यांतल्या बाळंतिणींना अशी एक वेळची गरम थाळी का मिळू नये? ही मागणी नगरसेवकांपासून आमदारांपर्यंत न्यायला हवी.

दुसरी मागणी पाळणाघरांची. संघटित नोकरीतल्या बाईला २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे. डाळ मिल, चटईचा कारखाना किंवा घरची शिलाई करणारीला ती कोण देणार? केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. आपल्या वॉर्डात असं एकही का नाही, हे अर्ज करून विचारता येतं.

घरात काय बदलता येईल

सरकार करेल तेव्हा करेल. घरातलं टेन्शन कमी करणं आपल्या हातात आहे, आणि इथे आम्ही आधी अब्बांशी बोलू. सूरह बकरहच्या २३३ व्या आयतीत दूध पाजण्याचा विषय येतो, तेव्हा आईच्या अन्न-वस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे. मुलामुळे आईला त्रास होऊ नये आणि बापालाही होऊ नये, असं सांगितलं आहे. दूध सोडवायचं तर दोघांनी सल्लामसलत करून. म्हणजे मुलाचं खाणं हा एकट्या बाईचा विषय नाहीच. पण आपल्या घरात बाप फक्त एवढंच विचारतो, "खाया के नहीं?" भरवायला तो बसत नाही. रात्रपाळीहून आल्यावर पंधरा मिनिटं मुलाला घेऊन बसलात तरी ती बाई एक कप चहा गरम पिऊ शकेल.

दादी-नानींना हात जोडून विनंती, की तुलना बंद करा. जेठानीचा मुलगा जाड आणि हिचा बारीक, यावर घरात रोज चर्चा होत असेल तर त्याचा राग शेवटी लेकराच्या ताटावर निघतो. तुमचा अनुभव मोठा आहे, तो मदतीसाठी वापरा. आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. बोर्डाचे पेपर तपासायचे होते, वर निवडणुकीची ड्यूटी लागली होती, आणि तीन वर्षांचं मूल जेवेना. आम्ही चिडून घास कोंबला आणि मुलाने सगळं उलटून टाकलं. तेव्हा आमच्या अम्मींनी काही न बोलता ताट उचललं आणि म्हणाल्या, "भूख लगेगी तो मांगेगा, तू पहले खुद खा ले." तासाभराने मुलाने खरंच मागितलं. बी.एड.च्या पुस्तकात बालमानसशास्त्र शिकलो होतो, पण त्या रात्री ते आठवलं नव्हतं.

एक साधा नियम आहार-शिक्षिका एलिन सॅटर यांनी सांगितला आहे. काय द्यायचं, कधी द्यायचं आणि कुठे बसून द्यायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती खायचं, हे मुलाने. हा नियम पाळला की रोजची अर्धी भांडणं संपतात. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते की हळूहळू, धीराने, मुलाच्या डोळ्यांत बघत, बोलत भरवा, जबरदस्ती करू नका. आपल्याकडे तर प्रेषित मुहम्मद (स.) यांची सुन्नत आहे. त्यांनी कधी अन्नाला नावं ठेवली नाहीत. आवडलं तर खाल्लं, नाही तर बाजूला ठेवलं. लहान उमर बिन अबू सलमा यांचा हात ताटभर फिरत होता, तेव्हा त्यांनी प्रेमाने तीन गोष्टी शिकवल्या: अल्लाहचं नाव घे, उजव्या हाताने खा, आपल्या समोरचं खा. शिकवण जेवताना, सोबत बसून झाली.

बाकी गोष्टी छोट्या आहेत. जेवणाच्या वेळा ठरवा आणि दोन वेळांच्या मध्ये पुडा, बिस्किटं, दूध सतत देऊ नका; मुलाला भूक लागू द्या. चहा मुलांना देऊच नका, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. नवीन भाजी पहिल्यांदा थुंकली म्हणून सोडू नका. कधी कधी दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर मूल ती स्वीकारतं, तेही जबरदस्ती नसेल तर. वेगळा, महागडा डबा लागत नाही. आपल्या घरची मऊ खिचडी, कळण्याची भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून, अंडं, केळं, शेंगदाण्याचा बारीक कूट, गोश्तच्या सालनातला कुस्करलेला आलू, एवढं पुरेसं आहे. एका दस्तरखानवर सगळे बसले तर मूल बघून खातं. आणि एखाद्या दिवशी काहीच जमलं नाही, पुडाच दिला गेला, तर स्वतःला कोसत बसू नका. उद्याचा दिवस आहे.

मात्र काही खुणांकडे दुर्लक्ष करू नका. सहा महिन्यांवरच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, पायांवर सूज आली, वजन घटत चाललं किंवा मूल सुस्त पडलं, तर घरगुती उपाय नकोत, लगेच दवाखाना. दंड मोजायची पट्टी अंगणवाडी आणि आशाताईंकडे असते. तसंच आई सतत रडत असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, झोप उडाली असेल, तर "असर है" म्हणून टाळू नका. टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या नंबरवर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

मोहल्ला आणि शाळा

मशीद कमिट्यांना एक सुचवावंसं वाटतं. जुम्याच्या बयानात वर्षातून दोन वेळा तरी बाळंतीण आणि लहान मुलांचा हक हा विषय घ्या. तिथे बाप समोर बसलेले असतात. अंगणवाडीच्या सभेत ते कधीच येत नाहीत. मोहल्ल्यातले शिकलेले तरुण एक रविवार बसून बायकांच्या केवायसी, आधार दुरुस्तीचं काम करून देऊ शकतात. एवढ्यानेही कित्येक खेपा वाचतील.

आणि आम्ही शिक्षकांनीही आरशात बघावं. सगळ्या वर्गासमोर डबा उघडून "ये क्या लाया?" असं विचारणं हे आम्हीच करतो. ते मूल घरी जाऊन अम्मीला सांगतं, आणि तिच्या डोक्यावर अजून एक ओझं चढतं. आता आम्ही डबा तपासणं सोडलं आहे. मधल्या सुट्टीत आम्ही मुलांसोबत जमिनीवर बसून आपला डबा खातो. कोण काय खातं यावर बोलत नाही. काही मुलं दुसऱ्याच्या डब्यातली मेथी चाखून बघतात.

मागच्या पालकसभेत वडजाई रोडची एक अम्मी पुन्हा तेच म्हणाली, ये कुछ खाताच नहीं. आम्ही विचारलं, आज तुम्ही काय खाल्लं? ती गप्प झाली. सोबत आलेल्या तिच्या नवऱ्याने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सवेरे से कुछ नहीं खाया इसने." आमच्या मते त्या घरातल्या मुलाच्या जेवणाची गोष्ट तिथूनच सुरू झाली पाहिजे.